पायदळ, नौदल की हवाई दल? बारावीनंतरचा निर्णय

(गणेशोत्सवानिमित्त कोगनोळी येथे माजी सैनिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मंडळाने आम्हाला सांगितले, ‘सैन्याविषयी चार शब्द बोला.’ आम्ही तिघे उभे आहोत म्हणून चाराचे बारा होतील, तेवढे सांभाळून घ्या. आमच्यातला एक मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला आणि सुभेदार म्हणून घरी आला. दुसऱ्याची नोकरी नौदलात, जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. तिसरा हवाई दलात रडारवर होता. कुठले दल चांगले, यावर आमचे तिघांचे आजवर एकमत झालेले नाही आणि होण्याची आशाही नाही. पण मुलाने निर्णय कसा घ्यावा, यावर मात्र आमचे पूर्ण एकमत आहे. तेच आज सांगणार आहोत.

आपल्या भागाला सैन्य नवे नाही. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. या रेजिमेंटची पहिली पलटण, जंगी पलटण, १७६८ सालची. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या रेजिमेंटच्या दोन जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तिची युद्धघोषणा छत्रपती शिवाजी महाराजांच्या आणि कोल्हापूरच्या टेमलाईदेवीच्या नावाने आहे. तिकडे बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाचे एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे. बेळगावातच १९४५ पासूनचे मिलिटरी स्कूल आहे, कमांडो प्रशिक्षणही तिथेच होते. थोडक्यात, आपल्या जिल्ह्याच्या गावी लष्कराचा एवढा पसारा असताना आपल्या पोरांना मात्र सैन्य म्हटले की एकच गोष्ट दिसते : पहाटे साडेचारला उठायचे आणि हमरस्त्याच्या कडेने धावायचे.

धावणे वाईट नाही. पण ‘कशासाठी धावतोस रे?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘भरतीसाठी.’ कुठल्या भरतीसाठी, हे सांगता येत नाही. मित्र धावतात म्हणून हाही धावतो. पीयूसीला विज्ञान शाखेत पंच्याहत्तर टक्के असलेला मुलगा, ज्याला दहावी पास पुरते त्या जागेसाठी घाम गाळत असतो आणि ज्या परीक्षेला तो बसू शकला असता तिचा फॉर्म कधी निघाला हे त्याला माहीतच नसते. आम्हाला वाईट वाटते ते याचे. पायदळ कमी प्रतीचे आहे म्हणून मुळीच नव्हे. आमचा सुभेदार तसे कुणाला बोलूही देणार नाही. वाईट एवढ्यासाठी वाटते की त्या मुलाने निवड केलेलीच नसते.

तर निवड कशी करायची? आधी दारे किती ते बघू.

पहिले दार अधिकारी होण्याचे. बारावी, म्हणजे आपल्याकडची पीयूसी दुसरे वर्ष, झाली की एनडीएची परीक्षा देता येते. बारावीच्या वर्षात असतानाही देता येते. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. लेखी परीक्षा ९०० गुणांची : गणित ३००, सामान्य क्षमता ६००. पुढे एसएसबीची मुलाखत, तीही ९०० गुणांची. त्यातून निवड झाली की खडकवासल्याला तीन वर्षे, आणि मग आपापल्या दलाच्या अकादमीत. लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि हवाई दलासाठी मात्र भौतिक, रसायन आणि गणित हवे. दलांचा पसंतीक्रम फॉर्म भरतानाच लिहायचा असतो. हा हमरस्ता धरून पुण्याला गेलात की खडकवासला जवळच आहे. पण आपल्या गावातून तिथे जायचा विचार करणारी पोरं फार थोडी.

दुसरे दार जवान, नाविक किंवा एअरमन म्हणून भरती होण्याचे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाल्यापासून ही भरती अग्निवीर म्हणून होते. लष्करात जनरल ड्युटीला दहावी चालते, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. टेक्निकलला बारावी विज्ञान चालते. क्लार्क आणि स्टोअरकीपरला बारावीला ६० टक्के लागतात, शाखा कोणतीही चालते. ट्रेड्समनला दहावी, काही कामांना आठवीही चालते. नौदलात एसएसआरला बारावीला गणित-भौतिक हवे, एमआरला दहावी पुरते. हवाई दलात अग्निवीरवायूला गणित, भौतिक आणि इंग्रजी घेऊन बारावी ५० टक्क्यांनी, आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के. विज्ञान नसलेल्यांसाठीही तिथे वाट आहे, पण इंग्रजीची अट सुटत नाही.

आता हे नीट ऐका. वर जे सांगितले त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा आला : गणित. कुठल्या दलात जायचे हा निर्णय बारावीनंतरचा आहे असे आपण म्हणतो, पण त्यातला अर्धा दहावीनंतर, प्रवेशाचा फॉर्म भरताना होऊन गेलेला असतो. गणित सोडले त्या दिवशी नौदलाची आणि हवाई दलाची बरीच दारे बंद झाली. म्हणून दहावीच्या मुलांच्या आईबापांना आमची विनंती आहे, पोराच्या डोक्यात फौज असेल तर गणित सोडू देऊ नका. त्याला ते अवघड जात असेल तर शिकवणी लावा, पण सोडू देऊ नका.

आता आपल्या कोगनोळीची खास गोष्ट. आपण हद्दीवर राहतो. दूधगंगा ओलांडली की कागल, पुढे कोल्हापूर तीसेक किलोमीटर. बेळगाव त्याच्या दुपटीहून लांब. आपला बाजार, दवाखाना, सोयरीक, कित्येकांचे कॉलेज कोल्हापूरकडे. पण लष्कराची भरती रहिवासाच्या जिल्ह्याप्रमाणे होते. कोल्हापूरचे भरती कार्यालय कोल्हापूर, सांगली, सातारा आणि त्या बाजूचे जिल्हे व गोवा बघते. आपला जिल्हा बेळगाव, म्हणून आपले कार्यालय बेळगावचे. कॉलेज कागलला असले तरी रहिवासी दाखला निपाणी तालुक्याचाच निघणार. आमच्या माहितीतल्या एका पोराने मित्रांबरोबर पलीकडचा फॉर्म भरला. वर्षभर तयारी केली आणि कागद तपासायच्या टेबलावरून परत आला. त्याचे धावणे चांगले होते, अभ्यास चांगला होता. पुढच्या भरतीपर्यंत त्याचे वय उलटले. वयाची पट्टी थोड्याच वर्षांची आहे, त्यात एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय ते त्या घराला विचारा.

याच हद्दीची एक गंमतही आहे. जनरल ड्युटीसाठी महाराष्ट्राच्या मुलाला १६८ सेंटिमीटर उंची लागते, कर्नाटकाच्या मुलाला १६६. टोलनाक्याच्या पलीकडे जो दोन सेंटिमीटरने बाद होतो, तो अलीकडे पास होतो! उंची याहून कमी असली तरी खचू नका. नौदलाला १५७ पुरते, हवाई दलाला १५२.

आणि एक वाट पलीकडचीही आपल्याला उघडी आहे. छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्र शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासूनची. दहावीनंतर मुलांना दोन वर्षे ठेवून एनडीएची तयारी करून घेते. तिच्या प्रवेशाच्या अटींत महाराष्ट्राबरोबर बेळगाव, बिदर आणि कारवार या सीमाभागाच्या रहिवाशांचाही उल्लेख असतो. आपल्या गावात हे किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा म्हटले तर आमचेच तीन हात वर होतील.

कागदपत्रांचे आणखी एक. आपल्या मुलांच्या एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर नाव एका पद्धतीने असते, आधारवर दुसऱ्या, जातीच्या दाखल्यावर तिसऱ्या. कुठे आडनाव आधी, कुठे नुसते आद्याक्षर, कुठे बापाच्या नावाचे स्पेलिंग वेगळे. घरात चालते, भरतीत चालत नाही. दहावीची गुणपत्रिका हा पाया धरा आणि बाकी सगळे कागद तिच्यासारखे करून घ्या. नाडकचेरीतल्या दाखल्यांना वेळ लागतो, म्हणून जाहिरात निघायच्या आधी कामाला लागा. लष्कराची ऑनलाइन लेखी परीक्षा २०२५ च्या भरतीपासून १३ भाषांतून होते, त्यात मराठीही आहे आणि कन्नडही. तेव्हा भाषेची सबब आता राहिलेली नाही.

बरे, दारे कळली. आता आत काय आहे?

पायदळाविषयी आमचा सुभेदार सांगतो : पायदळात माणूस माणसाला धरून जगतो. शेजारचा जवान हाच तुझा भाऊ, तुझी भिंत आणि तुझा साक्षीदार. सियाचीनपासून राजस्थानपर्यंत कुठेही बदली. अंगात कणखरपणा हवा, आणि हुकूम ऐकायची तयारी हवी. पण लष्कर म्हणजे पायदळच असे नाही. नाशिक रोडला तोफखान्याचे केंद्र आहे, अहिल्यानगरला रणगाड्यांचे, पुण्याला खडकीला बॉम्बे सॅपर्सचे. कारवारजवळच्या चेंडिये गावचे राम राघोबा राणे हे सॅपरच. एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढत, अडथळे हटवत त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला आणि परमवीरचक्र मिळवले. ज्याला यंत्र, बांधकाम, वायरिंग यांची आवड आहे, त्याने टेक्निकलचा विचार करावा. एक मात्र लक्षात ठेवा. फॉर्ममध्ये तुम्ही गट निवडता, रेजिमेंट नव्हे. कोण कुठल्या रेजिमेंटला जाणार ते गुणवत्ता आणि गरज बघून वरून ठरते. माजी सैनिकांच्या मुलांसाठी रेजिमेंटल सेंटरवर वेगळी कोट्याची भरती होते, ज्यांचे वडील फौजेत होते त्यांनी तिच्यावर लक्ष ठेवावे.

नौदलवाला म्हणतो : समुद्र फोटोत छान दिसतो. पहिल्यांदा जहाज हलू लागले की पोटातले सगळे बाहेर येते. चार-चार तासांच्या वॉच, इंजिनरूमचा उकाडा, आठवडेच्या आठवडे घरी फोन नाही. पण हातात विद्या येते. ओडिशात चिल्का इथे सुरुवातीचे प्रशिक्षण, आणि इंजिनाकडे गेलात तर लोणावळ्याला आयएनएस शिवाजी. मुंबईतल्या नौदलाच्या तळाचे नाव आयएनएस आंग्रे आहे. सप्टेंबर २०२२ पासून नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आहे. आपण देशावरची माणसे, पोहायला विहिरीत शिकलेली, म्हणून समुद्र आपला नाही असे समजू नका.

हवाई दलवाला आधी एक गैरसमज काढतो. एअरमन विमान चालवत नाही. चालवतो तो अधिकारी. एअरमन ते विमान उडण्याजोगे ठेवतो, रडार बघतो, संदेशयंत्रणा सांभाळतो. इथे अभ्यास संपत नाही. मांडी घालून पुस्तक वाचायची सवय असेल आणि एक स्क्रू सैल राहिला तर काय होईल याची धास्ती मनात राहत असेल, तर हे दल तुमचे.

तिघांचे ऐकलेत. आता घरी जाऊन पोराने स्वतःला विचारायचे : मला माणसांत राहायला आवडते की यंत्रात? मला उंची, थंडी सोसेल की बंद जागा सोसेल? गणित मला येते का? आणि चार वर्षांनी मी परत आलो, तर हातात काय असेल?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. आमच्या वेळी पंधरा वर्षांची सेवा झाली की पेन्शन होते. ज्यांचे हातपाय धड राहिले ते घरी येऊन शेती बघत पेन्शन खात आहेत, आमच्यासारखे. अग्निवीराचे तसे नाही. चार वर्षे सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. म्हणजे गावातून चार पोरं गेली तर तीन परत येतील असे धरूनच चाला. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के सेवानिधीला जातात, म्हणून हातात पडतात २१ हजारांपासून २८ हजारांपर्यंत. सरकार तेवढीच भर घालते आणि शेवटी व्याजासह ११ लाख ७१ हजारांच्या आसपास, करमुक्त, मिळतात. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा असतो. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. परत आलेल्यांना केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत २०२२ मध्ये १० टक्के आरक्षण आणि वयाची सवलत जाहीर झाली होती. पण आरक्षण म्हणजे नेमणूक नव्हे, परीक्षा आहेच. पहिल्या तुकड्या जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणाला गेल्या, त्यांची चार वर्षे २०२६-२७ मध्ये भरतात.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग जाऊच नये. आम्ही तसे म्हणत नाही. अठराव्या वर्षी घर सोडून, वेळेवर उठून, हुकूम पाळून, अनोळखी माणसांत राहून आलेला पोरगा बावीसाव्या वर्षी वेगळाच माणूस असतो. पण जाताना डोळे उघडे ठेवून जा. चार वर्षांनी परत यायचे आहे असे धरले, तर कुठले दल हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो. रुबाब कुठे जास्त, हे तिथे उपयोगी पडत नाही. बाहेर कामाला येईल असे काय शिकायला मिळेल, हे बघावे लागते. इंजिन, वीज, संदेशयंत्रणा, स्टोअर, वाहन, वैद्यकीय मदत, यांतले काही हाताला लागले तर कोल्हापूरच्या, बेळगावच्या फाउंड्रीत आणि कारखान्यात त्याला किंमत आहे. दहावीवर गेलेल्याला सेवेत बारावीचे प्रमाणपत्र मिळवायची सोय आहे, बारावीवाल्यासाठी इग्नूची पदवी आहे. ती घ्याच. बराकीत मोबाइलवर गेलेला तास परत येत नाही.

आणि आईवडिलांनो, ते ११ लाख पोराचे आहेत. घराचा स्लॅब, बहिणीचे लग्न आणि ट्रॅक्टरचा हप्ता यांत ती रक्कम दोन महिन्यांत दिसेनाशी होते. मग बावीस वर्षांचा पोरगा रिकाम्या हाताने पारावर बसतो आणि गाव म्हणते, ‘फौजेतून आला आणि बसून खातोय.’ त्याच्या शिक्षणासाठी, धंद्यासाठी ती रक्कम बाजूला ठेवायची, हे तो जायच्या आधीच घरात बसून ठरवा.

मुलींविषयी. या गर्दीत मुली बऱ्याच आहेत, आम्हाला आनंद आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसता येऊ लागले. २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली खडकवासल्याहून बाहेर पडल्या. अग्निवीर म्हणूनही मुली जातात : लष्करात मिलिटरी पोलीसमध्ये, नौदलात आणि हवाई दलात. सांबऱ्याला, आपल्या जिल्ह्यातच, मुलींनी प्रशिक्षण घेतले आहे. बारावीला जीवशास्त्र असेल तर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसही आहे. ‘पोरीच्या जातीला कशाला’ म्हणणाऱ्या आजीला एवढेच सांगा की त्या १७ जणींच्याही आज्या होत्या.

शरीराविषयी तीन गोष्टी. डांबरी रस्त्यावर रोज धावू नका, नडगी दुखावते. शेतातल्या बांधावर नाहीतर मैदानावर धावा. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पुरे केले तर पूर्ण ६० गुण, आणि १० पुलअप्सना ४०. दुसरे, गोंदण. दंडावर, छातीवर, मानेवर टॅटू काढून घेऊ नका. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू, एवढीच मुभा आहे. महाराज मनात ठेवा, दंडावर नको. तिसरे, तंबाखू. आपल्या निपाणी भागाने तंबाखू पिकवली, तिच्यावर घरे चालवली, हे खरे. पण ती पिकवणाऱ्याने खाल्लीच पाहिजे असे कुठे आहे? वैद्यकीय तपासणीत दात मोजतात, निदान १४ गुण लागतात. गुटख्याने हिरड्या गेलेला पोरगा धावण्यात पहिला आला तरी तोंड उघडले की अडचणीत येतो. रंग नीट ओळखता येतात का, तळवा सपाट आहे का, गुडघे एकमेकांना लागतात का, हे आधीच डॉक्टरांकडून बघून घ्या. तपासणीत बाद केले तर लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. मुदत कागदावर लिहिलेली असते, ती चुकवू नका.

शेवटचे, आणि हे मोठ्यांसाठी. भरतीला अधिकृत शुल्क सोडून एक रुपयाही लागत नाही. ‘आतला माणूस आहे, लाख दोन लाख द्या’ म्हणणारा माणूस कुठल्याही गावात सापडतो. पोरगा स्वतःच्या बळावर पास झाला तर तो पैसे ठेवून घेतो, नापास झाला तर फोन उचलत नाही. त्याच्यासाठी रान विकू नका.

पोरांनो, दरवाजे एकाहून जास्त आहेत. एनडीए द्या, ती देताना नौदल-हवाई दलाचेही फॉर्म भरा, लष्कराची तयारी चालू ठेवा, आणि कॉलेज सोडू नका. वय उलटून गेले आणि वर्दी मिळाली नाही, तरी तुम्ही हरलात असे होत नाही. निमलष्करी दले आहेत, पोलीस आहे, आणि रान तर आहेच. ते कुणी तरी करायलाच हवे, नाहीतर फौज खाणार काय?

उत्सव संपला की दर रविवारी सकाळी आम्ही तिघे देवळाच्या कट्ट्यावर असतो. येताना गुणपत्रिका, आधार आणि रहिवासी दाखला घेऊन या. कुठले दल, यावर आम्ही भांडत बसू, पण तुमचा फॉर्म बरोबर भरून देऊ.

गणपती बाप्पा मोरया. जय हिंद.